नुसतं बघण्याचा मान

सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात कुणाचा सत्कार असला की तीन गोष्टी ठरलेल्या असायच्या: शाल, श्रीफळ आणि एक बंद पाकीट. पाकिटात एक जाड, गुळगुळीत कार्ड असायचं आणि त्यावर सोनेरी अक्षरांत लॉगिनचं नाव आणि पासवर्ड छापलेला असायचा. पासवर्ड छापखान्यात पाठवणारी माणसं अख्ख्या जिल्ह्यात दुसरीकडे सापडायची नाहीत, असं विजयमालाचं ठाम मत होतं, आणि ते मत ती रोज सकाळच्या चहाबरोबर सिद्धारामला ऐकवायची. सिद्धाराम शिपाई. त्याला पासवर्डशी काही देणंघेणं नव्हतं. "व्हय मॅडम" म्हणून तो रिकामा कप उचलायचा.

विजयमाला त्या हॉस्पिटलची सिस्टीम ॲडमिन. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात तिची खोली तळमजल्यावर, सलाईनच्या खोक्यांना लागून. तिथला एसी मशिनांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं गेलं होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली. डॉक्टर मंडळी तिला "कॉम्प्युटरवाल्या बाई" म्हणत, ट्रस्टी "ती आपली खालची बाई" म्हणत, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की दोघंही एका सुरात ओरडत. तिनंही त्यांना मनातल्या मनात नावं ठेवली होती, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. सांगोल्याकडच्या खेड्यातली, पाण्याचा टँकर चालवणाऱ्या बापाची ही पोर डिप्लोमा करून इथवर आली होती. आजोबांच्या देणगीवर खुर्ची मिळालेल्या माणसांबद्दल तिला आदर वाटावा, असं त्या चौदा वर्षांत काही घडलं नव्हतं.

लॉगिनचा मान सुरू झाला तो फायरवॉलमुळे. फायरवॉल म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि हॉस्पिटलच्या आतले कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसवलेला एक काळा डबा. कोण आत येतो, कोण बाहेर जातो, हे तो तपासतो. तीन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा ट्रस्टचे अध्यक्ष बसलिंगप्पा अण्णा यांनी त्याच्यासमोर नारळ फोडला. पाणी डब्यावर उडालं, ते विजयमालानं ओढणीनं पुसलं. मग तिनं स्क्रीनवरचे हिरवे-निळे आलेख दाखवले, तसे अण्णा हरखले. "हे मला घरी बसून दिसाय पाहिजे की," म्हणाले. तिनं त्यांना एक लॉगिन काढून दिलं. त्यानं काही बदलता येत नसे, फक्त बघता येई.

पुढच्याच महिन्यात सयाजीराव ट्रस्टींना कळलं की अण्णांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. त्यांनी जेवण टाकलं नाही एवढंच. त्यांना लॉगिन मिळालं, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, आणि मग कुणाच्या तरी डोक्यातून ते सत्काराचं कार्ड निघालं. वर्षभरात नऊ मानकरी झाले. नववा हॉस्पिटलला औषधं पुरवणारा दुकानदार. हे लॉगिन कशाचं आहे हे त्याला आजही माहीत नव्हतं, तो ते कार्ड पाकिटात ठेवून पार्किंगवाल्याला दाखवायचा. नवांपैकी सहा जणांनी ते एकदाही उघडलं नव्हतं. तरी सगळ्यांना घरून दिसलं पाहिजे म्हणून डब्याचं पान बाहेरच्या जगाला उघडं ठेवायचं, असा ठराव झाला होता. विजयमालानं त्याविरुद्ध तीनदा टिपणी लिहिली. तिन्ही टिपण्या "पाहिले" असा शेरा घेऊन परत आल्या.

एका मंगळवारी सकाळी साडेदहाला डब्याच्या कंपनीची मेल आली. विजयमालानं ती दोनदा वाचली. डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं होतं. ज्याच्याकडे नुसतं बघायचं लॉगिन आहे, तो थोडी खटपट करून डब्याचा मालक होऊ शकत होता. मालक झाला की दार कुणाला उघडायचं ते तो ठरवणार. उपायही लिहिला होता. नवं अपडेट चढवा, त्याला अर्धा तास डबा बंद ठेवावा लागेल. ते होईपर्यंत बाहेरून येणारी वाट बंद करा आणि बघ्यांची लॉगिन काढून टाका.

काढून टाका म्हणे. कंपनीला काय जातंय लिहायला.

डब्याच्या आत रेडिएशन विभागाचा सर्व्हर होता. खेड्यापाड्यांतून येणारे पेशंट रेडिएशनला शेक म्हणतात. त्या आठवड्यात चौतीस जणांचे शेक चालू होते. प्रत्येकाच्या गाठीची जागा, किरणांचा कोन, किती मात्रा द्यायची, किती दिवस झाले, हे सगळं त्या सर्व्हरवर. त्याला कुणी कुलूप घालून बसला, किंवा एखादा आकडा इकडचा तिकडे केला, तर मशीन धडधाकट असून शेक देता आला नसता. आणि शेकात खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढते, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. ट्रस्टींना ठाऊक होतं की नाही, याची विजयमालाला खात्री नव्हती.

ती तडक प्रशासकांकडे गेली. वेणीमाधवराव पूर्वी एका कॉलेजात रजिस्ट्रार होते आणि निवृत्तीनंतर इथं येऊन बसले होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत एकही निर्णय आपल्या एकट्याच्या सहीनं होऊ न देणारा माणूस. त्यांनी मेलची प्रत चष्मा वर करून वाचली, मग चष्मा खाली करून वाचली.

"मॅडम, गंभीर आहे हे. टिपणी ठेवा."

"सर, मी आत्ता पाच मिनिटांत लॉगिन बंद करते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अध्यक्षांचं लॉगिन माझ्या होकारानं बंद होतं का? सत्कारात दिलंय ते. सत्कार परत घेतल्यासारखं दिसेल."

"मग बाहेरची वाट तरी बंद करते."

"म्हणजे त्यांना घरून दिसणार नाही. तेच झालं ना." वेणीमाधवरावांनी कागद फाइलमध्ये घातला. "आणि ते अपडेट रविवारी करा. आठवड्यात अर्धा तास सगळं बंद ठेवून मला ओपीडीत बोंब नकोय. लॉगिनचं उद्या बैठकीत घेऊ."

बुधवारी बैठक झाली. उपमा होता, दोन प्रकारची बिस्किटं होती. विजयमालानं जेवढं सोपं करता येईल तेवढं सोपं करून सांगितलं: पाहुणा म्हणून आलेला माणूस घराची कागदपत्रं आपल्या नावावर करून घेऊ शकतो, असं समजा.

अण्णांनी बिस्कीट चहात बुडवलं. "म्हंजे आमच्यातला कोणतर चोर हाय म्हणतीस काय तू?"

"नाही अण्णा. तुमचा पासवर्ड ज्याच्या हाती पडेल तो."

"आमच्या घरात कोण हात लावतंय त्याला."

सयाजीरावांनी ते कार्ड दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, सत्काराच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं होतं. त्यांच्या घरचं वायफाय दुरुस्त करायला गेली तेव्हा तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिनं जीभ आवरली, कारण मंडळी बंद करायला तयार झालेली दिसत होती. सयाजीराव स्वतःच म्हणाले, "बंद करा की, माझी हरकत नाही. फक्त पहिलं माझं नको. लोकांत उगीच वेगळा अर्थ निघतो."

तिथून गाडी जी घसरली ती रुळावर आलीच नाही. अण्णा म्हणाले, अध्यक्षाचं सगळ्यांत शेवटी बंद व्हावं, तीच रीत आहे. दुसरे एक ट्रस्टी म्हणाले, ज्याला आधी मिळालं त्याचं आधी जावं. म्हणजे अण्णांचंच पहिलं. अण्णांनी बिस्कीट खाली ठेवलं. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतला पहिला नंदीध्वज कुणाचा आणि सातवा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, त्यावर गावात कुणी तोंड उघडत नाही. लॉगिनचा क्रम मात्र कुणी ठरवून ठेवलेला नव्हता, त्यामुळे पिकलेल्या केसांची सात माणसं पाऊण तास त्यावर भांडली.

"सगळी एकाच वेळी बंद होतात," विजयमाला शेवटी म्हणाली. "एकच बटण आहे."

सयाजीरावांनी सावकाश मान वळवली. "एकाच वेळी म्हणजे? अण्णांचं आणि त्या औषधवाल्याचं एकदम?"

ठरलं असं, की प्रत्येक मानकऱ्याला आदराचं पत्र पाठवावं, लेखी संमती घ्यावी, आणि नऊ संमत्या आल्या की पुढची कारवाई. मसुदा वेणीमाधवरावांनी करावा. गुरुवारी दिवसभरात त्यांनी तीन मसुदे केले. तिसऱ्यात "आपल्या लॉगिनास काही काळ विश्रांती देण्याची अनुज्ञा मिळावी" असं वाक्य होतं, आणि त्यावर ते खूश होते.

"विश्रांती," विजयमाला सिद्धारामला म्हणाली. "ह्यांच्या डोक्याला मिळालीय तशी. सिद्धाराम, ही माणसं उद्या घर पेटलं तर पहिली बादली कुणी ओतायची म्हणून बैठक घेतील. पाण्याला हळदीकुंकू लावतील. मला चौदा वर्षांत एक माणूस ह्या इमारतीत असा भेटला न्हाय की ज्याला मानापेक्षा कामाची पडलीय."

"व्हय मॅडम," सिद्धाराम म्हणाला आणि कप घेऊन गेला.

पत्रांना जोडायला नावांची यादी हवी होती, म्हणून तिनं डब्याचं पान उघडलं. बघ्यांची लॉगिन स्क्रीनवर आली. ती नऊ नव्हती, दहा होती.

दहावं तिनं स्वतः दिलेलं होतं. सुबोध सर तिला डिप्लोमाला नेटवर्किंग शिकवायचे. पहिल्या वर्षी ती दोन विषयांत नापास झाली आणि परत गावी निघाली, तेव्हा सरांनी कॉलेजच्या लॅबची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि रविवारी येऊन बसत जा म्हणाले. दोन वर्षं ती रविवारी येऊन बसली. आज जे काही येत होतं ते त्या रविवारांचं. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात तिनं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि एक पाकीट दिलं. पाकिटात कार्ड होतं. कार्ड तिनं घरी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, छापलं नव्हतं, आणि हा फरक तेव्हा तिला पुरेसा वाटला होता. सरांचे डोळे भरून आले होते.

हे लॉगिन बंद करायला कुणाचीच परवानगी लागत नव्हती. ना टिपणी, ना बैठक. ओळीपुढच्या चौकोनात खूण करायची आणि बटण दाबायचं. तिनं खूण केलीही. मग तिला वाटलं, आधी फोन करावा. फोनवर काय म्हणायचं? सर, तुम्हाला दिलेलं परत घेते? त्यापेक्षा रविवारी अपडेट झालं की संध्याकाळी त्यांच्या घरी जावं, समोर बसून नीट सांगावं. आणि सरांचा धोका तो काय. सर ह्यातले जाणकार. धोका त्या नऊ गाढवांचा होता. तिनं खूण पुसली आणि पान बंद केलं. पत्राच्या यादीत नऊच नावं गेली.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला तिनं डब्याचं पान पुन्हा उघडलं, तर एक नवं नाव दिसलं. ते बघ्यांच्या यादीत नव्हतं. ते तिच्या स्वतःच्या नावाच्या खाली होतं, मालकांच्या यादीत, आणि ते सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी तयार झालं होतं. ती उठली, मशिनांच्या कपाटाशी गेली आणि बाहेरच्या इंटरनेटची वायर उपटून काढली. मग डब्यातून आत जाणाऱ्या सगळ्या वायरी काढल्या, एकेक. वर ओपीडीचे टोकन थांबले, बिलाचे कॉम्प्युटर थांबले, आणि तिच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला तो थांबेना.

रेडिएशनचं गणित बघणाऱ्या इंद्रायणी मॅडम खाली आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली. सर्व्हरवरचा प्रत्येक आकडा कागदी नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय त्या एकाही माणसाला मशीनखाली झोपवणार नव्हत्या. चौतीस पेशंट, दिवस जाणार. शनिवार-रविवार मशीन बंद असतं. म्हणजे आता शेक सोमवारी.

विजयमालानं डब्यातली नोंद काढली. कुणाच्या लॉगिननं हे झालं ते तिथं स्वच्छ लिहिलेलं असतं. तिची बोटं अण्णा नाहीतर सयाजीराव शोधत होती. नाव निघालं सुबोध सरांचं.

तिनं फोन लावला.

"विजू, बोल गं," सर म्हणाले. "तुझीच आठवण निघाली होती. मागच्या आठवड्यात क्लासच्या पोरांना तुझं हॉस्पिटल दाखवलं मी. म्हटलं बघा, माझ्या हाताखालून गेलेली मुलगी केवढं सांभाळते. फळ्यावर लॉगिन लिहून दिलं, सगळ्यांनी मोबाईलवर उघडून पाहिलं. पोरं गार झाली. नुसतं बघायचंच तर आहे ते, त्यात कोण काय बिघडवणार?"

सर आता घरी खासगी क्लास घेत. वीस पोरं होती. त्या विसांतलं कोण, की त्यांच्याकडून ते पुढं कुणाच्या हाती गेलं, हे शोधायचं काम सायबर पोलिसांचं. तिला त्या क्षणी ते सुचलंही नाही. सरांच्या आवाजात नुसता अभिमान होता.

"सर, त्या डब्यात भोक निघालंय. तुमचं लॉगिन बंद करावं लागतंय."

"कर की मग. त्यात मला काय विचारायचं?"

तिनं फोन ठेवला. तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण फोन परत वाजला.

दुपारी बारापर्यंत तिनं उपरं नाव उडवलं, अपडेट चढवलं, आणि दहाही लॉगिन एका बटणात बंद केली. कुणी संमती विचारली नाही. कुणाचं आधी गेलं, कुणाचं नंतर, हेही कुणी विचारलं नाही. बसलिंगप्पा अण्णा घाबरून गेले होते आणि फोनवर म्हणत होते, "काढ, काढ, सगळ्यांचं काढ बाई." नऊ संमतीपत्रं वेणीमाधवरावांच्या टेबलावर तशीच पडली होती, त्यांतल्या दोनांवर सह्या झाल्या होत्या.

वेणीमाधवरावांनी तिला बोलावून घेतलं. सयाजीराव आधीच येऊन बसले होते.

"नवांपैकी कुणाचं होतं?" सयाजीरावांनी विचारलं. आपलं नसावं, अण्णांचं असलं तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं.

"नवांपैकी कुणाचंच नाही. दहावं होतं."

"दहावं? ते कुणी दिलं?"

"मी. माझ्या सरांना. निरोपाच्या कार्यक्रमात."

सयाजीरावांनी खुर्चीत मागं टेकून हुश्श केलं. वेणीमाधवरावांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला. ह्या माणसाच्या संथपणाची नक्कल ती सिद्धारामपुढं कितीदा तरी करून दाखवायची.

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "त्याला बैठक लागत नव्हती."

तिनं मान हलवली आणि बाहेर आली. ते बरोबर बोलले होते आणि त्यांच्या तोंडून बरोबर बोलणं ऐकायची तिला सवय नव्हती. चौदा वर्षं ज्यांना नावं ठेवली, त्यांच्यात आणि तिच्यात एवढाच फरक उरला होता, की त्यांनी आपली पाकिटं ट्रस्टच्या माहितीत दिली-घेतली.

चार वाजता इंद्रायणी मॅडमनी निरोप पाठवला: चौतीसच्या चौतीस नोंदी जुळल्या, एकही आकडा हललेला नाही. आत शिरलेला दारातच अडकला होता. पण रेडिएशनचा दिवस गेला तो गेला.

पेशंट सकाळीच परतले होते. एकटी बाई तेवढी रेडिएशनबाहेरच्या बाकावर बसून होती, मांडीवर पिशवी, गळ्याला पांढरा फडका. कस्तुराबाई. केम गावाहून रोज गाडीनं यायच्या, आणि परतीची गाडी संध्याकाळी असल्यामुळे त्यांना जायला कुठंच नव्हतं. पंचवीसपैकी सतरा शेक झाले होते. सिद्धारामनं त्यांना सकाळी सांगितलं होतं की सिस्टीम डाऊन आहे, सोमवारी या. हॉस्पिटलात प्रत्येक गोष्टीला सांगायचं तेच उत्तर होतं ते, आणि विजयमालानंच ते सगळ्यांना शिकवलेलं होतं.

"बाई, ते काय डाऊन झालतं ते झालं का नीट?" कस्तुराबाईंनी विचारलं. घशामुळे आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"झालं. पण आता मशीन सोमवारीच."

"सोमवारपत्तोर गाठ गप बसंल का?"

विजयमाला बाकाच्या कडेला बसली. "मावशी, ते आपोआप डाऊन नव्हतं झालं. माझ्यामुळं झालं. एक दार लावायचं होतं, ते मी लावलं नाही. तिथनं कोणतरी आत आलं."

कस्तुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत. चुकलेली शेळी कुठनं निसटली हे विचारावं तसं विचारलं, "उघडं हाय ते कवा कळलं तुमाला?"

"मंगळवारी."

आजारी पडल्यापासून कस्तुराबाईंना बोटांवर दिवस मोजायची सवय लागली होती. त्यांनी पिशवीवरचा हात उचलला आणि अंगठ्यानं एकेक बोट मिटत गेल्या.

"मंगळवार. बुधवार. बेस्तरवार." त्या थांबल्या. करंगळी तेवढी राहिली होती. "आन आज शुक्रवार हाय की."